मेम्फिस मिनी : 'पुरुषासारखी वाजवते' एवढंच कौतुक पुरे नाही

भिंगरी_सांगली

गेले चार महिने मी एकाच बाईच्या मागे लागलेय. घरचे वैतागलेत, स्वयंपाक करताना तेच, भांडी घासताना तेच. मेम्फिस मिनी. अमेरिकन ब्लूज (तिथल्या काळ्या लोकांच्या लोकसंगीतातला गाण्याचा प्रकार) गायिका, गिटारिस्ट, आणि स्वतःची गाणी स्वतः रचणारी. इथे बेसी स्मिथवर, नीना सिमोनवर चर्चा झाल्या पण मिनीवर एकही धागा दिसला नाही म्हणून काढते, लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

आधी थोडक्यात. खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७ चा, घरात सगळे किड म्हणायचे कारण लिझी हे नाव तिला अजिबात आवडायचं नाही. सात-आठ वर्षांची असताना नाताळात घरच्यांनी गिटार दिली. मिसिसिपीतल्या वॉल्स नावाच्या गावात शेतावर राहणारं कुटुंब, आणि ही तेरा वर्षांची पोर घर सोडून मेम्फिसला पळाली, बील स्ट्रीटवर रस्त्यात गिटार वाजवून पोट भरायला लागली. पैसे संपले की घरी यायचं, परत पळायचं. मधे काही वर्षं रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीबरोबर फिरली. १९२९ मध्ये नवरा कॅन्सस जो मकॉय आणि ती एका न्हाव्याच्या दुकानासमोर चिल्लर गोळा करत वाजवत होते तिथे कोलंबिया कंपनीच्या माणसाने ऐकलं आणि न्यूयॉर्कला नेऊन रेकॉर्डिंग केलं. तिथून पुढे वीस-पंचवीस वर्षांत जवळपास दोनशे गाणी. त्या काळातल्या बाईच्या मानाने हा आकडा मोठा आहे असं म्हणणार होते, पण खरं तर कोणाच्याही मानाने मोठा आहे.

आता मुद्दा. तिच्याबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे कौतुकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, की ती पुरुषासारखी गिटार वाजवायची. बिग बिल ब्रून्झी या तेव्हाच्या गाजलेल्या ब्लूज गिटारिस्टने आपल्या आत्मचरित्रात किस्सा सांगितलाय की शिकागोत त्याची आणि तिची जुगलबंदी लागली, बक्षीस एक व्हिस्कीची बाटली आणि एक जिनची, आणि मिनीने त्याला हरवलं. किस्सा भारी आहे, ब्रून्झी मनापासून सांगतो, त्याचा मला रागही नाही. पण त्याचंही माप तेच, कुठल्याही पुरुषाइतकी चांगली.

हे मला लागतं कारण मी स्वतः नऊ वर्षं लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलीय. कार्यक्रम संपल्यावर लोक यायचे, मालक यायचे, 'वा, डोळे मिटून ऐकलं तर बाई वाजवतेय असं वाटत नाही!' त्यांना वाटायचं मी खूश होईन, आणि सुरुवातीला व्हायचेही. नंतर नंतर घरी येऊन केस खोलताना विचार करायचे की मग वाजवत होतं कोण? मी होतेच ना तिथे, उभी, तीन तास.

म्हणून मिनीचं कौतुक मला वेगळ्या जागेवरून करायचंय. तिचे शब्द घ्या. 'मी अँड माय शोफर ब्लूज' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, मे १९४१ चं. चाल तिची नाही. सनी बॉय विल्यमसनने १९३७ मध्ये एका शाळकरी मुलीला उद्देशून गाणं म्हटलं होतं, गुड मॉर्निंग स्कूल गर्ल, त्याचीच ही चाल. म्हणजे मूळ गाण्यात पुरुष बोलतोय आणि मुलगी नुसती ऐकतेय, तिला त्यात आवाजच नाही. मिनीने तीच चाल उचलली आणि गाडीत मागच्या सीटवर बाई बसवली. गाडी चालवायला पुरुष ठेवलाय, मी सांगेन तिकडे न्यायचं, मी त्याला नवीकोरी व्ही-एट फोर्ड घेऊन देणार, पण दुसऱ्या पोरींना त्यात बसवून फिरवलेलं मला चालणार नाही, तसं केलंस तर पिस्तूल आणीन. द्व्यर्थी आहे हे सांगायला नको. पण द्व्यर्थापेक्षा मला ती व्यवस्था आवडते, कोणाचे पैसे, कोणाची गाडी, कोण सांगणार आणि कोण ऐकणार, सगळं तीन मिनिटांत स्पष्ट. आणि गाते कशी, तर ओरडत नाही, लाडात येत नाही, घरी आलेल्या सुताराला कपाट कुठे ठोकायचं ते सांगावं इतक्या सरळ आवाजात. या शांतपणामुळेच गाण्याला वजन आलंय असं माझं ठाम मत आहे. २०१९ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे रेकॉर्डिंग राष्ट्रीय ठेवा म्हणून घेतलं, तेव्हा हे फक्त माझं वेड नाही.

तुम्ही कोणी ऐकलंय का तिला? काय वाटलं ते लिहा.

पाचवी_तार

ताई, धागा काढलात त्याबद्दल आधी आभार. मी तिच्यापर्यंत पोचलो उलट्या वाटेने, म्हणजे लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडवरून. कॉलेजात असताना 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' दिवसरात्र ऐकायचो, त्या ड्रमसाठी. एकदा कव्हरवर नावं वाचताना चौघांच्या सोबत मेम्फिस मिनी हे नाव दिसलं, मला वाटलं कुठल्या बँडचं नाव असेल. मग मूळ गाणं शोधलं, १९२९ चं, आणि पहिल्यांदा ऐकून निराश झालो हे कबूल करतो. ड्रम नाहीत, काही नाही, दोन गिटारी आणि एक माणूस गातोय. हो, त्यात गातो जो, मिनी नाही. मिनी फक्त वाजवते.

पण ते 'फक्त' किती मोठं आहे ते कळायला मला दोन वर्षं लागली. जो खाली नुसता ठेका धरून बसलाय, आणि वर मिनी बोटांनी जे विणतेय ते कुठे थांबतच नाही. पुराचं गाणं आहे, बांध फुटणार आहे, माणूस रात्रभर बांधावर राबतोय, आणि गिटार मात्र हसतखेळत पुढे पळतेय. आधी वाटलं हे विजोड आहे. नंतर वाटलं पाणी असंच तर चढतं, त्याला काही दुःख नसतं.

कृष्णाकाठ

शेवटची ओळ वाचून थांबले. आमच्याकडे २०१९ ला घरात गळ्याइतकं पाणी होतं. पाण्याला काही दुःख नसतं हे अगदी खरं आहे.

गाणं कुठल्या पुराचं आहे?

पाचवी_तार

@कृष्णाकाठ, १९२७ चा मिसिसिपीचा पूर. एप्रिलमध्ये ग्रीनव्हिलच्या वर माउंड्स लँडिंगला बांध फुटला आणि डेल्टाचा प्रचंड भाग पाण्याखाली गेला. मळ्यांवर राबणारे काळे मजूर होते त्यांना बांधावरच छावण्यांत ठेवलं, बंदुकीच्या धाकाने कामाला जुंपलं, बोटी आल्या तरी जाऊ दिलं नाही कारण मळेवाल्यांना भीती की हे गेले तर परत येणार नाहीत. गाण्यात यातलं काहीच थेट नाही. फक्त बांधावर काम करणारा माणूस आहे आणि आता इथे राहायला जागा उरणार नाही एवढंच आहे. पण ज्यांना माहीत होतं त्यांना तेवढं पुरेसं होतं.

प्रभातफेरी

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मी काल संध्याकाळी बसून तिची पंधरा-सोळा गाणी ऐकली. मला सगळी एकसारखी वाटली. तोच बारा मात्रांचा... म्हणजे बारा बारचा साचा, पहिली ओळ दोनदा, मग तिसरी ओळ उत्तर, तेच तीन कॉर्ड. बेसी स्मिथचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, तसं मिनीच्या आवाजाने काही होत नाही. आवाज चांगला आहे, मोठा नाही. गिटार उत्तम. पण 'महान' म्हणण्याइतकं काय आहे ते मला खरंच समजून घ्यायचंय.

भिंगरी_सांगली

@प्रभातफेरी राग कसला, तुम्ही सोळा गाणी ऐकून बोलताय, लोक एक पण ऐकत नाहीत.

बेसीशी तुलना मला पटत नाही आणि का ते सांगते. बेसी, मा रेनी या तंबूतल्या आणि थिएटरातल्या गायिका, मागे पियानो, कॉर्नेट, अंगावर मोती आणि पिसं, माइक नसलेल्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. तो आवाज त्या कामासाठी घडला. मिनी रस्त्यावरची. स्वतःची गिटार, स्वतःचा गळा, ऐकणारा चार फुटांवर उभा आणि कधीही निघून जाऊ शकतो. त्याला गरजून नाही थांबवता येत, त्याला गोष्ट सांगून थांबवायचं असतं. म्हणून तिच्या गाण्यात गाव असतं, माणूस असतो, काहीतरी घडत असतं. 'रीचिन पीट' मध्ये हेलेना गावचा एक पोलीस आहे आणि तो कसा वागतो ते आहे. बॉक्सर जो लुईसवर तिने १९३५ मध्ये गाणी केली, तो अजून जगज्जेता झालेला नव्हता तेव्हा. मा रेनी १९३९ च्या डिसेंबरात गेली तर पुढच्याच वर्षी मिनीने तिच्या नावाचं गाणं रेकॉर्ड केलं, म्हणजे या दोघींमध्ये स्पर्धा आपण लावतो, तिने लावली नव्हती.

आणि साचा एकच आहे हा आक्षेप मान्य, पण अभंगाचा साचा पण एकच आहे ना. साच्यात काय ओतलं ते बघायचं.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, संगीतातलं मला काही कळत नाही, पण काल धागा वाचून ड्युटीवर जाताना बसमध्ये ऐकायला सुरुवात केली. एक गाणं लागलं, 'मेम्फिस मिनी-जायटिस ब्लूज'. मेनिंजायटिसमध्ये स्वतःचं नाव घुसवलंय. १९३० चं आहे.

मला ते गाणं सोडवेना. शनिवारी रात्री घरी येते, कपडे बदलून आडवी होते, आणि पहाटे सुरू होतं. डोकं दुखतंय, मान दुखतेय, पाठ दोन तुकडे होईल असं वाटतंय. मान! मेनिंजायटिसमध्ये आम्ही पहिलं तेच बघतो, मान पुढे वाकते का. तिला कोणी शिकवलं नसणार, तिने ते भोगलंय किंवा जवळून पाहिलंय. मग नवरा डॉक्टरकडे नेतो आणि डॉक्टर तिच्याशी बोलतच नाही, नवऱ्याशी बोलतो. तिच्यासमोर. ही जवळजवळ गेलीय असं सांगतो. आणि हे सगळं ती ऐकतेय, आणि आपल्याला गाऊन सांगतेय.

अठरा वर्षं झाली मला नोकरीला, आजही तेच चालतं हो. पेशंट बाई शुद्धीत समोर बसलेली असते आणि बोलणं चाललेलं असतं तिच्या नवऱ्याशी. मी आता मुद्दाम बाईकडे बघून बोलते. त्या गाण्यात रडगाणं कुठेच नाही, पण मी बसमधून उतरताना माझे डोळे भरलेले होते.

भिंगरी_सांगली

@रात्रपाळी ताई, मी हे गाणं वीसेक वेळा ऐकलंय पण डॉक्टर नवऱ्याशी बोलतोय हे तुम्ही सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मान दुखण्याचंही नाही. यासाठीच धागा काढला होता.

प्रभातफेरी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून ते गाणं शब्द समोर ठेवून परत ऐकलं. माझी चूक अशी झाली की मी आवाज ऐकत होतो, बोलणं ऐकत नव्हतो. बाकीची पण तशी ऐकतो आता.

जात्यावर

भिंगरीताई, खूप छान मांडणी. मला वाचताना सारखी आपली लावणी आठवत होती. तीच रोखठोक बाई, तोच शृंगार, तेच समोरच्याला डोळ्यात डोळे घालून सांगणं. लावणीला आणि ब्लूजला एकत्र ठेवून कोणी लिहिलं पाहिजे.

भिंगरी_सांगली

@जात्यावर मलाही आधी तेच वाटलं होतं, पण विचार केला तर एका ठिकाणी अडतं. आपल्या जुन्या लावणीत बाई बोलते, पण तिच्या तोंडचे शब्द बहुतेक पुरुषाचे. राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव. बाईच्या मनातलं पुरुषाने कल्पून लिहिलं आणि बाईने गायलं, गाणारीने त्यात जीव ओतला ते तिचं कर्तृत्व आहेच, पवळाबाईंशिवाय बापूरावांची लावणी कोणाला दिसली असती. पण मिनीचं तसं नाही, इथे भोगणारी तीच, रचणारी तीच, वाजवणारी तीच.

तुमच्या नावातच खरं उत्तर आहे. जात्यावरची ओवी. ती बाईची स्वतःची. रचना एकच, चाल ठरलेली, आणि त्यात सासू, भाऊ, दुखणं, दुष्काळ, जे समोर आलं ते घालायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या त्या चाळल्या तर ब्लूज म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की ओवी पहाटे घरात, दुसरी बाई ऐकणार किंवा कोणीच नाही. मिनी तेच बोलणं रस्त्यावर घेऊन आली, दारूच्या अड्ड्यावर, आणि त्याचे पैसे घेतले.

जात्यावर

त्याचे पैसे घेतले. हे पटलं. आज्जीच्या ओव्या आमच्याकडे कोणी लिहून पण ठेवल्या नाहीत, दोन-तीन मला येतात तेवढ्याच.

भिंगरी_सांगली

त्या दोन-तीन तरी इथे टाइप करून ठेवा, वेगळा धागा काढा हवं तर, मी नक्की वाचेन.

शिवाजीनगर_लोकल

मिनीबद्दल एक सांगायचं राहिलं ते म्हणजे तिचा दरारा. जॉनी शाइन्स नावाचा गिटारिस्ट तिला ओळखायचा, त्याने सांगून ठेवलंय की कोणी पुरुष तिच्या वाटेला गेला तर ती जागच्या जागी हिशेब करायची, हाताला लागेल ते, गिटार, चाकू, पिस्तूल. तंबाखू खायची, गातागाता थुंकायची आणि ताल चुकायचा नाही. हातात चांदीच्या डॉलरांचं कडं. मला तर वाटतं यावर वेबसिरीज व्हायला पाहिजे.

भिंगरी_सांगली

@शिवाजीनगर_लोकल हे सगळं खरं आहे आणि मलाही आवडतं. पण या किश्श्यांमुळे एक होतं, लोक तिला 'डेंजर बाई' म्हणून लक्षात ठेवतात आणि गाणी राहून जातात. पिस्तूल बाळगणारे, मारामाऱ्या करणारे ब्लूजवाले पुरुष ढिगाने होते, त्यांच्यावरच्या लेखाची सुरुवात गाण्यापासून होते.

तिच्या दराऱ्याचं मला पटलेलं वर्णन एका कवीने केलंय. लँग्स्टन ह्यूज. १९४२ ची शेवटची रात्र, शिकागोचा २३० क्लब, आणि ९ जानेवारी १९४३ च्या शिकागो डिफेंडर या वर्तमानपत्रात त्याने आपल्या सदरात त्या रात्रीबद्दल लिहिलं. मी तो मजकूर आठ-दहा वेळा वाचलाय. मिनी बसलीय कुठे, तर बारच्या मागे फ्रिजवर. स्टेज नाहीच, गर्दी एवढी की जागाच ती उरली. हातात इलेक्ट्रिक गिटार, जी तेव्हा तशी नवी गोष्ट होती. डोळ्यांवर चष्मा, अंगात नीटनेटके कपडे, ह्यूज म्हणतो की दिसायला ही शाळेची मास्तरीण, आता मुलांना धड्याचं पान सांगेल असं वाटावं. आणि मग ती वाजवायला लागते आणि त्याला लोखंडाच्या कारखान्याचा आवाज ऐकू येतो, वेल्डिंगच्या मशिनी आणि रोलिंग मिल एकदम सुरू झाल्यासारखा. फ्रिजच्या कडेवर तिचे उंच टाचांचे बूट ठेका धरतायत. त्या आवाजात त्याला दक्षिणेतली दलदल दिसते, धूळ, ऊन, रात्रीच्या आगगाडीची शिट्टी, पूर. लोक ओरडतायत, आणि गल्ल्यामागे उभे असलेले मालक, जे काळे नाहीत, ते हसत नाहीत, बोट सुद्धा हलवत नाहीत. त्यांना ऐकू येतोय तो गल्ल्याचा आवाज.

हे खरं कौतुक. तिला कोणाच्या मापाने मोजत नाही, ती कशी बसलीय ते बघतो, काय ऐकू येतंय ते सांगतो, आणि पैसा कोणाकडे जातोय तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. गंमत म्हणजे त्या काळातली तिची इलेक्ट्रिकवरची जी रेकॉर्डिंग्ज आहेत त्यात ती एवढी दणदणीत कुठेच ऐकू येत नाही, त्यामुळे तो आवाज आपल्याला ह्यूजच्या शब्दांतच ऐकावा लागतो.

पाचवी_तार

हो!! मी हेच म्हणणार होतो. मडी वॉटर्स मिसिसिपीहून शिकागोला आला १९४३ मध्ये. आपण इलेक्ट्रिक शिकागो ब्लूजची गोष्ट तिथून सुरू करतो. आणि ही बाई त्याआधीच फ्रिजवर बसून कारखाना चालवत होती. माझ्या गिटार क्लासच्या इतिहासाच्या नोट्समध्ये तिचं नाव नव्हतं, आता मी शिकवतो तेव्हा पहिल्या तासाला तिचं नाव येतं.

टेनेसीकर

उशिरा आलो धाग्यावर. मी मेम्फिसला राहतो, सतरा वर्षं झाली. हायवे ६१ ने दक्षिणेला निघालं की राज्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात वॉल्स येतं. तिथल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या दफनभूमीत मिनी आहे. मागच्या ऑक्टोबरात बायको आणि मी गेलो होतो.

आजूबाजूला सगळं सपाट, कापूस काढून झालेला, रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके अडकलेले. चर्च लहान. पाटी-बिटी अपेक्षित होती पण शोधावं लागलं. दगड मात्र देखणा आहे, तिचा फोटो आहे, आणि दोन्ही नावं आहेत, लिझी किड डग्लस लॉलर्स आणि मेम्फिस मिनी. मागच्या बाजूला मजकूर कोरलाय, त्याचा आशय असा की तिची गाणी लाखोंसाठी बोलतात पण आवाज एकटीचाच, आणि तिची स्वप्नं आपण आपलीच असल्यासारखी ऐकतो. बायको खाली बसून वाचत होती, तिने हाताने दगडावरची धूळ पुसली.

हा दगड १९९६ चा आहे. मिनी गेली ६ ऑगस्ट १९७३ ला. मधली तेवीस वर्षं तिथे काही नव्हतं. पैसे बॉनी रेटने दिले, जी स्वतः गिटार वाजवते आणि गाते.

कृष्णाकाठ

शेवटची वर्षं कशी गेली तिची?

टेनेसीकर

वाईट. १९६० मध्ये पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी तिसरा नवरा लिटल सन जो गेला आणि मग परत झटका आला. मेम्फिसमध्ये बहिणीकडे आणि नंतर नर्सिंग होममध्ये, व्हीलचेअरवर. सरकारी पेन्शनमध्ये भागत नव्हतं, ब्लूजच्या मासिकांनी तिची अवस्था छापली तेव्हा वाचकांनी थोडे थोडे पैसे पाठवले.

पाचवी_तार यांनी लेड झेपलिनचं लिहिलंय. तो अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये आला. मिनी तेव्हा जिवंत होती. त्या गावात, त्या खुर्चीत.

पाचवी_तार

हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी समजत होतो की ती केव्हाच गेली असणार. जगभर ते गाणं वाजत होतं आणि ती तिथे होती.

रात्रपाळी

दोन झटके म्हणजे हात गेला असणार. गिटार वाजवणाऱ्या बाईचा. मला पुढे काही सुचत नाही.

प्रभातफेरी

सगळी सोळा परत ऐकली आणि आणखी दहा. 'इन माय गर्लिश डेज' सलग पाच वेळा ऐकलं. घरातून पळालेल्या मुलीचं गाणं आहे आणि त्यात ना पश्चात्ताप ना फुशारकी, तेव्हा मला अक्कल नव्हती, मी लहान होते, पण गेले ते गेले, असं. मोठी झाल्यावर स्वतःच्या लहानपणाकडे एवढ्या मायेने बघणं मला जमलेलं नाही. माझं मत मी बदलतोय, आवाज मोठा नाही हे वाक्य मागे घेतो. तो आवाज बरोबर तेवढाच आहे जेवढा त्या गोष्टीला लागतो.

'नथिंग इन रॅम्बलिंग' पण याच धाटणीचं आहे का?

भिंगरी_सांगली

@प्रभातफेरी तुमचा प्रतिसाद वाचून एवढा आनंद झाला की मुलीला हाक मारून वाचून दाखवला.

'नथिंग इन रॅम्बलिंग' १९४० चं, आणि मला ते 'गर्लिश डेज'च्या पुढचं पाऊल वाटतं. आयुष्यभर भटकलेली बाई म्हणतेय की भटकण्यात काही नाही. ऐकणाऱ्याला वाटेल की आता थकली, घर मांडणार. पण चाल ऐका, चाल अजून रस्त्यावरच आहे. शब्द एक सांगतात आणि बोटं दुसरं, आणि ही दोन्ही तिचीच. असं एकाच वेळी दोन खऱ्या गोष्टी बोलणं फक्त गाऊन किंवा फक्त वाजवून जमत नाही.

टेनेसीकर, तुमच्या पत्नीने धूळ पुसली ते वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

शिवाजीनगर_लोकल

ताई, तुमचं म्हणणं पटलं, किस्से बाजूला ठेवून आज 'बंबल बी' ऐकलं. हे तिने परत परत रेकॉर्ड केलंय का? मला दोन वेगळी सापडली.

पाचवी_तार

हो, बऱ्याचदा केलंय, सुरुवातीचं तिचं हिट तेच. मडी वॉटर्सचं 'हनी बी' ऐका म्हणजे ती माशी कुठून उडून आली ते कळेल.

भिंगरी_सांगली

एक प्रश्न गिटारवाल्यांना. ऑर्केस्ट्रा सोडून सहा वर्षं झाली, तेव्हापासून गिटार कपाटावर होती, काल काढली. गंज चढलेल्या तारा बदलल्या, लाकूड ठीक आहे. मला लेव्हीचा तो मिनीचा भाग बसवायचाय, पण माझ्या नेहमीच्या ट्युनिंगमध्ये ती मोकळी तार मागून गुणगुणत राहते तसं येतच नाही. काय चुकतंय?

पाचवी_तार

चुकत काही नाही, ट्युनिंग वेगळं आहे. ओपन जी, जुने लोक त्याला स्पॅनिश म्हणायचे. पहिली, पाचवी आणि सहावी अशा तीन तारा दोन-दोन पडदे खाली उतरवा, बाकी तीन आहेत तशाच ठेवा. नुसतं छेडलं की पूर्ण कॉर्ड वाजली पाहिजे. नव्या तारा आहेत म्हणजे तासभर उतरत राहतील, परत परत जुळवाव्या लागतील. आणि अंगठा चुकूनही थांबवू नका, बाकी बोटं अडखळली तरी चालेल.

भिंगरी_सांगली

उतरवल्या. नुसतं छेडलं आणि मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली बघायला. बसते आता.